दम लागतो, पण फोटोत काही दिसत नाही



चुलीच्या धुरावर आपण बोललो, त्यानंतर केंद्रावर बरेच फोन आले. त्यातला एक प्रश्न वेगवेगळ्या गावांतून आला, पण शब्द जवळजवळ तेच. "ताई, चढ चढताना दम लागतो. छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, फोटो साफ आहे. मग दम का लागतो? आता एमआरआय काढू का?"

आमच्या प्रभागातल्या एका गटात तर हा प्रश्न थेट कर्जाच्या अर्जावरच येऊन बसला. पन्नाशीच्या एक मावशी. विडी नाही, तंबाखू नाही, मिश्रीसुद्धा नाही. तीस-पस्तीस वर्षं मात्र चुलीपुढं गेलेली. त्यांनी अंतर्गत कर्ज मागितलं आठ हजार, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "छातीचा एमआरआय." पुण्याच्या भाच्यानं मोबाईलवर पाहिलं होतं, की परदेशात असा नवा एमआरआय निघालाय, जो एक्स-रेत आणि सीटीत न सापडणारा दमसुद्धा पकडतो. गटात दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या, जिवापुढं पैसा काय, द्या. निम्म्या म्हणाल्या, आठ हजार फेडायला मावशींना वर्ष लागेल, आधी नीट विचारू तरी. तेव्हा अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला आणि आम्ही चौकशीला लागलो. जिल्हा रुग्णालयातल्या छातीच्या डॉक्टरांना विचारलं, एमआरआय केंद्रातल्या तंत्रज्ञ दादांना विचारलं, मिळेल ते वाचलं. भाचा खोटं बोलत नव्हता. असा एमआरआय खरंच आहे. पण तो आणि मावशींच्या हातातली चिठ्ठी, यांच्यात बरंच अंतर होतं. ते अंतर आज सांगायचं आहे.

आधी साधा एक्स-रे. हा सावलीचा खेळ आहे. १८९५ मध्ये जर्मनीत राँटगेन यांनी हे किरण शोधले. हाड दाट असतं, ते किरण अडवतं, म्हणून फोटोत पांढरं दिसतं. फुप्फुसात हवा असते, किरण आरपार जातात, म्हणून ते काळं दिसतं. न्यूमोनिया झाला, टीबीचा डाग पडला, पाणी भरलं, गाठ आली, की त्या काळ्यात पांढरं उमटतं. एवढ्यासाठी एक्स-रे फार चांगला, आणि स्वस्तही. पण श्वासनळ्या आतून सुजून अरुंद झाल्या असतील तर सावलीत फारसा फरक पडत नाही. नळीचं भोक निम्मं झालं तरी हवा ती हवाच, काळी ती काळीच. म्हणून "फोटो साफ आहे" याचा अर्थ "तुम्हाला काही झालेलं नाही" असा होत नाही. ही एक गोष्ट आजच्या बोलण्यातून घरी नेलीत तरी आम्हाला पुष्कळ.

सीटी स्कॅनही किरणांचाच, पण तो भाजी चिरावी तसे छातीचे पातळ काप दाखवतो. फार बारकाईनं दिसतं. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी हे नाव ऐकलं. त्याची अडचण अशी, की साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट किरण अंगावर घ्यावे लागतात. गरज असेल तेव्हा एकदा-दोनदा घ्यायला हरकत नाही. पण लहान मुलाला जन्मापासूनचा फुप्फुसाचा आजार असेल आणि दर वर्षी तपासायचं असेल, तर डॉक्टर हात आखडता घेतात. दुसरं म्हणजे सीटी फुप्फुस कसं दिसतं ते दाखवतो. ते काम कसं करतं, हवा कुठं पोचते, रक्तात प्राणवायू किती उतरतो, हे त्या चित्रात सरळ उमटत नाही.

एमआरआयमध्ये हे किरण नसतात. तिथं चुंबक असतं आणि रेडिओच्या लहरी असतात. होय, आपल्या रेडिओच्या जातीच्याच लहरी. आपल्या अंगात पाणी भरपूर. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू, आणि त्या प्रत्येक अणूचा गाभा म्हणजे एक इवलंसं चुंबक. माणूस मोठ्या चुंबकात झोपला की ही इवली चुंबकं रांगेत येतात. मग बाहेरून रेडिओची लहर सोडून त्यांना हलवायचं, आणि परत जागेवर येताना ती जी बारीक हाक देतात ती ऐकायची. त्या हाकांवरून संगणक चित्र जुळवतो. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातल्या पॉल लॉटरबर यांनी असं चित्र पहिल्यांदा छापलं, ते पाण्याच्या दोन नळ्यांचं होतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफील्ड यांनी ही रीत वेगवान केली. दोघांना २००३ चं नोबेल मिळालं.

मेंदू, मणका, गुडघा यांच्यासाठी एमआरआय उत्तम. फुप्फुसापुढं मात्र तो वर्षानुवर्षं हात टेकून बसला होता. कारणं तीन, आणि ती समजली की पुढचं सगळं समजतं.

पहिलं कारण, फुप्फुसात हवा फार आणि पाणी थोडं. हाक देणारेच कमी, तर ऐकू काय येणार? दुसरं, ते कधी स्वस्थ नसतं. श्वास चालू, शेजारी हृदय धडधडतंय. हललेल्या माणसाचा फोटो कसा येतो ते आपल्याला लग्नाच्या अल्बमवरून माहीत आहे. तिसरं कारण सगळ्यात चिवट. फुप्फुसात हवेच्या बारीक पुरचुंड्या असतात, ३० ते ५० कोटी. एका बाजूला हवा, लगेच पलीकडं ओलं कातडं, परत हवा. हवा आणि ओलं मांस यांचं चुंबकाशी वागणं वेगळं, त्यामुळं प्रत्येक सीमेवर चुंबकाची घडी बिघडते आणि हाक उमटते न उमटते तोच विरून जाते. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात, फार तर दोन हजारांश सेकंदात, संपली. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाका, चर्र झालं की थेंब नाही. नेहमीची एमआरआयची पद्धत ऐकायला बसेपर्यंत थेंब उडून गेलेला असतो. म्हणून नेहमीच्या एमआरआयमध्ये फुप्फुसाच्या जागी बहुतेक काळा खड्डाच दिसतो.

यावर जगभरच्या लोकांनी जे उपाय काढले, त्यालाच प्रगत एमआरआय म्हणतात. हे काही एकच यंत्र नाही, चार-पाच वेगवेगळ्या वाटा आहेत.

एक वाट म्हणजे थेंब उडायच्या आत ऐकायचं. लहर सोडल्यावर एका हजारांश सेकंदाच्याही दहाव्या भागाच्या आत हाक टिपायला सुरुवात करायची. याने फुप्फुसाची जाळी सीटीच्या जवळपास जाईल इतकी दिसू लागली. दुसरी वाट जर्मनीत वाढली. रुग्णानं श्वास रोखायचा नाही, नुसतं पडून राहायचं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा, आणि यंत्रानं एकामागून एक चित्रं घेत राहायचं. श्वास सोडला की फुप्फुस दाटतं, चित्र थोडं उजळतं. श्वास घेतला की हवा भरते, चित्र मंद होतं. ज्या भागात हा फरकच पडत नाही, तिथं हवा जात नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर जो बारीक फरक पडतो त्यावरून रक्त कुठं पोचतंय तेही काढतात. सुई नाही, औषध नाही, वायू नाही, सगळा हिशोब संगणकाचा. हायडेलबर्ग आणि हॅनोव्हर इथल्या लोकांनी यावर बरंच काम केलं आहे. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना हेच सोयीचं. दम्याचा माणूस पंधरा सेकंद श्वास कोंडून उताणा झोपणार कसा, हा प्रश्न एमआरआय करणाऱ्यांना नेहमीच पडतो.

आणखी एक वाट ऐकून आम्हाला गंमत वाटली. चुंबक मोठं करण्याऐवजी लहान करायचं. नेहमीची यंत्रं १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. चुंबक जितकं जोरदार तितकी ती हवेच्या सीमेवरची घडी जास्त बिघडते. म्हणून ०.५५ टेस्लाची यंत्रं आणली, तर फुप्फुस उलट बरं दिसायला लागलं. सगळीकडं मोठं ते चांगलं असं नसतं तर!

आता भाच्याच्या मोबाईलवरची गोष्ट. तिचं नाव झेनॉन.

झेनॉन हा एक वायू आहे, आपल्या हवेतच असतो, पण किती? एक कोटी भागांत एक भागही नाही. १८९८ मध्ये लंडनला रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांना तो सापडला, आणि ग्रीक भाषेतल्या 'परका' या शब्दावरून त्यांनी त्याचं नाव ठेवलं. नावाप्रमाणंच तो कुणात मिसळत नाही, शरीरात काही बदल घडवत नाही, आला तसा श्वासावाटे निघून जातो. युक्ती अशी, की फुप्फुसातल्या थोड्याशा पाण्याची हाक ऐकत बसण्यापेक्षा हाक देणारा वायूच आत पाठवायचा. तो जिथं पोचेल तिथून हाक देईल. जिथून हाक येणार नाही तिथं वाट बंद.

पण वायू फार विरळ, आणि इथं एक मोठी गोम आहे. चुंबकात रांगेत येणाऱ्या त्या इवल्या चुंबकांपैकी जवळजवळ निम्मी एका बाजूला तोंड करतात, निम्मी उलट्या बाजूला. ग्रामसभेत ठरावाच्या बाजूनं जेवढे हात, विरोधात तेवढेच, आणि फरक दहा लाखांत जेमतेम पाचाचा, असं समजा. पाणी अमाप असतं म्हणून तेवढ्या फरकावर निभावतं. वायूत निभत नाही. म्हणून झेनॉनला आधी बाहेर तयार करतात. रुबिडियम नावाच्या धातूची वाफ करतात, तिच्यावर लेसरचा प्रकाश टाकतात. त्या प्रकाशाचा पीळ रुबिडियम घेतं आणि झेनॉनला देतं. असं केल्यावर झेनॉनमधले शेकड्यानं अणू एका बाजूला वळतात, हाक हजारो पटींनी मोठी होते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि स्टोनी ब्रुक इथल्या लोकांनी याच रीतीनं उंदराच्या फुप्फुसाचं पहिलं चित्र काढलं. पाण्याच्या दोन नळ्यांचं चित्र जिथं निघालं तेच हे स्टोनी ब्रुक.

मध्यंतरी हेलियमचा एक दुर्मीळ प्रकार याच कामाला वापरत. त्याची हाक जास्त मोठी, चित्रं सुंदर यायची. पण तो हेलियम मिळतो अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियममधून. अमेरिकेत सीमेवरच्या तपासणी यंत्रांसाठी त्याची मागणी इतकी वाढली, की दवाखान्यांना मिळेनासा झाला. मग सगळे झेनॉनकडं वळले. बाँबच्या कारखान्यावर दम्याची तपासणी अवलंबून असावी, हे आम्हाला तरी वाचून विचित्र वाटलं.

तपासणी प्रत्यक्षात थोडक्यात आटोपते. रुग्णाच्या छातीभोवती एक जाकीट बांधतात, ते हाक ऐकण्याचं साधन. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तयार झेनॉन ओढून घ्यायचा, दहा-पंधरा सेकंद श्वास धरायचा, सोडायचा. झेनॉन मोठ्या प्रमाणात दिला तर भूल येते, तेव्हा क्षणभर गरगरल्यासारखं होऊ शकतं, मग जातं. वायूची तयारी टिकत नाही, फुप्फुसातल्या प्राणवायूमुळं ती वीस-तीस सेकंदांतच उतरू लागते. म्हणून तो दवाखान्यातच ताजा बनवावा लागतो.

चित्र कसं असतं? आपल्या शेतातली उपमा देतो. विहिरीवरची मोटर चालू केली, पाटाला पाणी सोडलं. पाट किती भरून वाहतोय ते एक मोजमाप. पण कुठला वाफा भिजला आणि कुठला कोरडा राहिला, ते बांधावर जाऊनच बघावं लागतं. झेनॉनचं चित्र म्हणजे बांधावरून दिसणारे वाफे. निरोगी फुप्फुस सगळं सारखं उजळतं. दम्याच्या रुग्णाचं चित्र ठिकठिकाणी काळ्या ठिगळांचं. पंप घेण्याआधी एक चित्र आणि नंतर एक चित्र काढलं, की औषधानं कुठले वाफे उघडले ते दिसतं. धुरानं किंवा विडीनं फुप्फुस खराब झालं असेल तर ठिगळं मोठी असतात आणि औषधानंही सगळी भरत नाहीत.

झेनॉनचा दुसरा गुण जास्त कामाचा निघाला. तो हवेत असताना एका सुरात हाक देतो, हवेच्या पुरचुंडीच्या पातळ पडद्यात शिरला की सूर बदलतो, आणि तांबड्या रक्तपेशीत पोचला की आणखी बदलतो. तीन सूर वेगळे ऐकू येतात. पडद्यात भरपूर, पण रक्तात कमी, असं दिसलं तर समजायचं की पडदा जाड झाला आहे किंवा रक्त नीट पोचत नाही. प्राणवायूचीही वाट तीच असल्यामुळं त्याची अडवणूक कुठं होते ते कळतं. ऑक्सफर्डला फर्गस ग्लीसन आणि शेफिल्डला जिम वाइल्ड यांच्या चमूंनी करोनानंतर महिनोन् महिने दम लागणाऱ्या लोकांना असं तपासलं. त्यातल्या काहींचे सीटी नॉर्मल किंवा जवळजवळ नॉर्मल होते, आणि तरी हवेतून रक्तात उतरण्याच्या टप्प्यावर अडचण दिसली. रुग्ण थोडेच होते, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं ऐकून घेतलेल्या माणसाला ते चित्र केवढा आधार देत असेल! आमच्या गटांतल्या किती बायांनी हे वाक्य ऐकलंय, ते आम्ही मोजत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या झेनॉनला मान्यता दिली, तेव्हा १२ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि जर्मनीतल्या मोजक्या केंद्रांत ही तपासणी होते. तिला झेनॉन तयार करणारं यंत्र लागतं, वेगळं जाकीट लागतं, आणि हायड्रोजनशिवाय दुसऱ्या अणूची हाक ऐकू शकेल असा एमआरआय लागतो. आपल्या जिल्ह्याच्या गावी जे एमआरआय केंद्र आहे, जिथं कंबरेचा आणि गुडघ्याचा एमआरआय निघतो, तिथं हे होत नाही. तिथं आठ हजार भरून छातीचा एमआरआय काढला असता तर मावशींच्या श्वासनळ्यांबद्दल काहीच कळलं नसतं. तो काळा खड्डा आला असता.

म्हणजे नेहमीचा छातीचा एमआरआय कधीच लागत नाही असं नाही. फुप्फुसाच्या शेंड्याची गाठ मणक्यात किंवा खांद्याच्या नसांत शिरलीय का, हृदयाचं काय चाललंय, अशा प्रश्नांसाठी डॉक्टर तो लिहितात, आणि तेव्हा काढावाच. पण डॉक्टरांनी लिहिला तर एवढं विचारायला लाजू नका: "साहेब, यातून काय कळणार आहे? आणि ते कळल्यावर औषध बदलणार आहे का?" जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी स्वतःच आम्हाला हे दोन प्रश्न शिकवले.

त्यांनी आधी विचारलं काय? "मावशींनी फुंकून बघितलंय का?" स्पायरोमेट्री नावाची तपासणी. यंत्राला जोडलेल्या नळीत छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात, जोरात, शेवटपर्यंत फुंकत राहायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, ते यंत्र मोजतं. पंप घेतल्यानंतरही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी राहिली तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात असं धरतात. त्या आजाराला सीओपीडी म्हणतात. पाटातलं पाणी मोजण्यासारखंच हे. वाफे दिसत नाहीत, पण मोटर आणि पाट यांच्यात कुठंतरी अडतंय हे नक्की कळतं, आणि उपचार सुरू करायला तेवढं पुरतं. खर्च एमआरआयच्या मानानं अगदी किरकोळ. मावशी म्हणाल्या, "जन्मभर फुंकणीनं चूल फुंकली, आता डॉक्टरची फुंकणी." पहिल्या दोन खेपेला त्यांना जमलं नाही, खोकला आला. तिसऱ्यांदा जमलं. नळ्या अरुंद निघाल्या. पंप सुरू झाला.

विडी न ओढणाऱ्या बाईला हा आजार कसा, असं मावशींच्या मुलालाच पटेना. पुण्याचे डॉक्टर संदीप साळवी आणि लंडनचे डॉक्टर पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात याच गोष्टीवर लिहिलं. तेव्हा जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, आणि लाकूड, शेणी, काटक्या यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. सीओपीडी म्हणजे सिगारेटचा आजार, ही समजूत त्या लेखानं बरीच हलवली. लाकडाच्या धुरानं नळ्यांना काय होतं आणि तंबाखूच्या धुरानं काय होतं, यातला फरक या नव्या चित्रांत पाहता येईल, अशी आम्हाला आशा वाटते. बायांच्या फुप्फुसांवर कुणी तेवढं लक्ष दिलं तर.

मावशींचा अर्ज पुढच्या बैठकीत मागं घेतला गेला. त्याऐवजी दोन हजार घेतले, येण्याजाण्याला आणि पहिल्या दोन महिन्यांच्या औषधाला. तीन हप्त्यांत फेडले. अजून चढ चढताना त्या थांबतात, पण आता एकदाच. सकाळचा चहा मात्र चुलीवरच होतो, सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून. त्यावर आमचं आणि त्यांचं भांडण चालू आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर या सगळ्या गोष्टी बाजूला ठेवून आधी बेडका तपासायचा. टीबीची ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आता एमआरआयच्या खोलीत जायची वेळ आलीच, कंबरेसाठी असो की छातीसाठी, तर काय करायचं ते ऐका. इथं प्रश्न जिवाचा आहे. १.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकाच्या सुमारे ३०,००० पट असतं, आणि ते कधीही बंद होत नाही. यंत्र चालू नसलं, खोलीत अंधार असला, रात्र असली तरी चुंबक चालूच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नातेवाईकाला घेऊन आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकानं सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं आणि तो गेला. आजारी तो नव्हताच. म्हणून रुग्णाबरोबर जाणाऱ्यानंही सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. सिलिंडर, चाकाची खुर्ची, सलाइनचा स्टँड, काही न्यायचं नाही. दम्याच्या रुग्णाबरोबर सिलिंडर असतोच, म्हणून हे दोनदा सांगतो.

दागिन्यांचं बोलू. सोनं चुंबकाला चिकटत नाही, खरं आहे, पण धातू तापू शकतो, चित्र बिघडतं, आणि साखळीच्या कडीत काय घातलंय ते सोनारालाच ठाऊक. मंगळसूत्र, जोडवी, नथ, बांगड्या, कानातलं, केसातल्या पिना, पदराची सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, सगळं काढायचं. आतला तंत्रज्ञ गाऊन देतो, जरीची साडी बदलायचीच. मंगळसूत्र काढायला बऱ्याच जणी का-कू करतात. एकीनं तर ते तोंडात धरून ठेवलं होतं, तंत्रज्ञ दादांनीच आम्हाला सांगितलं. बरोबर आलेल्या बाईच्या हातात द्या, ओच्यात बांधून ठेवा, अर्ध्या-पाऊण तासाचा प्रश्न आहे.

अंगात काही बसवलेलं असेल तर आधी सांगायचं. हृदयाचं यंत्र, मेंदूतली क्लिप, कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, हाडातली पट्टी. बहुतेक तांबीला अडचण येत नाही, पण सासूबाई शेजारी बसल्यात म्हणून लपवायची नाही, तंत्रज्ञाला बाजूला घेऊन सांगायचं. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तरी सांगायचं. काही एमआरआयमध्ये गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देतात, तेव्हा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही. आत आवाज फार होतो, ठोकल्यासारखा, त्यासाठी कानात बोळे देतात. हातात एक रबरी फुगा देतात, घाबरल्यासारखं झालं की तो दाबायचा, लगेच बाहेर काढतात.

आणि उताणं झोपल्यावर दम कोंडत असेल तर आत जायच्या आधीच सांगा. उशी उंच करता येते, तपासणी टप्प्याटप्प्यानं करता येते, कधी डॉक्टर ती पुढं ढकलतात. चिठ्ठीवर तारीख पडली म्हणून सोसत पडून राहायचं नसतं.

पंपाची सवय लागते का, आणि पंप घेतला तर लग्न जमत नाही का, असे दोन प्रश्न फोनवर राहिलेत. पुढच्या बुधवारी संध्याकाळी त्यांच्यावर बोलू. मावशी स्वतः स्टुडिओत येणार आहेत, पंप कसा धरायचा ते त्या दाखवतील, म्हणजे सांगतील. ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी तो हाताशी घेऊन बसा.